आठातून सात गेले

खालच्या घराचं छप्पर ही वरच्या घराची जमीन;
हेब्डन ब्रिजच्या चढावर घरं अशी
एकमेकांच्या खांद्यावर उभी.
वर विल्फ ग्रीनवुड, खाली मी.
रविवारी दुपारी माझ्या डोक्यावर त्याची खुर्ची सरकते
आणि तो न्यूफाउंडलंडमधल्या कुणा लीओला
हाका मारू लागतो.

अकरा वर्षं. हल्ली हाका मोठ्या झाल्यात.
"लीओ थकला," विल्फ म्हणाला जिन्यात,
"आवाज पार खोल गेलाय बिचाऱ्याचा."
मी म्हटलं, बघू का एकदा?
(लीड्सच्या ऑफिसात मी दिवसभर
मोबाइल टॉवरचेच हिशेब करते,
पण तिथे तारेला हात लागत नाही.)

मागच्या उतारावर, खुराड्याशेजारी डांब.
डांबावर सात-सात मीटरच्या तीन दांड्या, तोंड पश्चिमेला.
तार जोडलेली फक्त मधलीला.
"मग बाकीच्या दोघी कशाला?"
विल्फची नात मॉडी, वय नऊ.
मला मिरजेचं दुकान आठवलं, बाबांच्या मांडीवरचा भोपळा:
तरफेच्या तारांना कुणी छेडत नाही,
वरची तार बोलली की त्या आपसूक गुणगुणतात.
तशाच ह्या.
मागची म्हणते, इकडे नको. पुढची म्हणते, ये.
आणि मधलीचं सगळं बोलणं एका अंगाला कलतं.

हा झाला रोख.
त्यात एक वॅटही वाढत नाही.
हल आणि लीड्सच्या वाटचा उजेड काढून
लीओच्या दारात ठेवायचा, एवढंच.
आणि मोजायचं कशाच्या तुलनेत?
तर अशा एका अँटेनाच्या,
जो सगळ्या दिशांना अगदी सारखं देतो.
"तो कुठे मिळतो?"
कुठेच नाही, मॉडी.
कागदावर असतो, आणि तरी सगळ्यांना
त्याच्याशीच मोजतात.

कागदावर विल्फचा रोख आठ डेसिबल. उत्तम.
मग डांब आडवा केला, अँटेना सोडवला,
केबलच्या टोकाला मीटर आणि डमी लोड.
विल्फनं आतून शंभर वॅट सोडले.
काटा वीसवर येऊन बसला.
मी काच पुसली.
वीसच.

टेप सोलली तर जोडातून चमचाभर पाणी आलं.
तांब्याची जाळी शेवाळासारखी हिरवी,
बोटांत घेतली तर पीठ.
ऐंशी वॅट इथेच थांबत होते, दर रविवारी,
मातीत पुरलेली केबल कोमट करत.
(मॉडी म्हणाली, म्हणून मांजर तिथे झोपतं.
खरं नसावं. पण मी खोडलं नाही.)

आठातून सात गेले. पदरात एक.
त्या एकाला लाभ म्हणतात.
रोख सांगतो तुम्ही कुठे बघताय;
तिथे किती पोचलं, ते लाभालाच ठाऊक.
आणि गळती दोन्हीकडून कापते,
जाणारा आवाजही, येणाराही.

"येणाराही?" विल्फनं दोनदा विचारलं.
येणाराही.
मग तो कोंबड्यांच्या पालथ्या बादलीवर बसला.
"म्हणजे तीन वर्षं मी त्याला म्हातारा..."
वाक्य त्यानं तिथेच ठेवलं.

नवी केबल, नवा जोड, वर रबरी टेप, तीन पदरी.
बिल विल्फनं बिस्किटांच्या डब्यात घडी करून ठेवलं.
रविवारी खुर्ची सरकली, आणि लीओचा आवाज
माझ्या स्वयंपाकघरापर्यंत उतरला,
खणखणीत, जरा नाकातला:
"विल्फ! अरे, मला वाटलं होतं
तू आता फार दिवसांचा सोबती नाहीस."

वर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
नुसती खरखर.
मग खुर्ची पुन्हा सरकली,
ह्या वेळी पुढे.